थ्री सिरीज घेताना मागचा बिल्ला सोडा, इंजिनचा कोड बघा

जुनी बीएमडब्ल्यू थ्री सिरीज बघायला गेलेला माणूस डिकीवरचा बिल्ला वाचतो, सनरूफ उघडून बघतो आणि लगेच किमतीवर येतो. या गाडीच्या बाबतीत सगळ्यात कमी माहिती देणारी गोष्ट म्हणजे तो बिल्ला. '३२०आय' हेच घ्या. पहिल्या पिढीत त्याखाली साधं चार सिलिंडरचं दोन लिटर इंजिन होतं. दुसऱ्या पिढीत सहा सिलिंडर आले. चौथीच्या उत्तरार्धात सहा सिलिंडर राहिले, पण इंजिन २१७१ सीसीचं झालं. पाचवीत पुन्हा चार सिलिंडर, सहावीत चार सिलिंडर अधिक टर्बो. '३२८आय' तर एके काळी खरोखर २.८ लिटरची होती. सहाव्या पिढीत तोच बिल्ला दोन लिटर टर्बोवर बसला. म्हणून बिल्ल्यावरून भाव करू नका. पिढी कोणती, इंजिनचा कोड काय आणि गाडी कोणत्या महिन्यात बनली, या तीन गोष्टी आधी काढा. दुखणी त्यांनाच चिकटलेली असतात.

चेसिस नंबर १७ अक्षरांचा असतो. नव्या गाड्यांत तो समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात दिसतो, शिवाय आरसीवर असतोच. त्यातली शेवटची सात अक्षरं पार्ट कॅटलॉगमध्ये टाकली की बॉडी कोड (ई३०, एफ३० अशी पिढीची खूण), इंजिन, गिअरबॉक्स आणि बनल्याचा महिना समोर येतो. आरसीवरची नोंदणीची तारीख आणि बनल्याची तारीख यांत बरंच अंतर असू शकतं. सुधारित पार्ट कधीपासून बसला हे बनल्याच्या महिन्यावरून ठरतं, पासिंगच्या तारखेवरून नाही.

इंजिनचा कोड वाचणं सोपं आहे. 'एन४७डी२०' म्हणजे एन मालिका, ४७ हे चार सिलिंडर डिझेल कुटुंब, डी म्हणजे डिझेल आणि २० म्हणजे दोन लिटर. 'एन५२बी३०' मधला बी म्हणजे बेंझिन, जर्मन भाषेत पेट्रोल. एम मालिका सगळ्यात जुनी, मग एन, आणि सध्याची बी. इथे गल्लत होते ती सांभाळा: पहिलं बी मालिकेचं, मधलं बी इंधनाचं.

कागद हाताशी नसेल तर चाकाकडे बघा. ई२१ (पहिली पिढी) आणि साध्या ई३० (दुसरी) ला चार बोल्ट, १०० मिमीच्या वर्तुळावर. ई३६ (तिसरी) पासून एफ३० (सहावी) पर्यंत पाच बोल्ट, १२० मिमी वर्तुळ, मधलं भोक ७२.६ मिमी. जी२० (सातवी) ला पाचच बोल्ट, पण वर्तुळ ११२ मिमी आणि भोक ६६.६ मिमी. त्यामुळे एफ३० ची अलॉय जी२० ला 'थोडं अ‍ॅडजस्ट करून' बसत नाहीत. कोणी बसवून देतो म्हणाला तर त्या दुकानातून बाहेर पडा.

आता पिढ्या.

ई२१ (१९७५ ते १९८३) फक्त दोन दारांची. पुढे एकेक दिवा असेल तर ३१६ किंवा ३१८, जोड दिवे असतील तर ३२० किंवा त्यावरची. डॅशबोर्डचा मधला भाग ड्रायव्हरकडे वळवण्याची पद्धत थ्री सिरीजमध्ये इथूनच रुजली. भारतात ही गाडी अपवादानेच दिसते. जर्मनीतही तिचा पहिला शत्रू गंज, इंजिन नंतर. मागच्या चाकांचे तिरके आर्म २० अंशांच्या कोनात असल्यामुळे ओल्या वळणावर अचानक अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागचा भाग सटकतो. तो दोष एखाद्या गाडीचा नाही, सगळ्या पिढीचाच आहे.

ई३० ने (१९८२ पासून) तो कोन १५ अंशांवर आणला. चार दारं १९८३ मध्ये आली, आणि शर्यतीच्या नियमांसाठी बनलेली एम३ १९८६ मध्ये. ई३० बघताना बोनेट उघडल्यावर पहिला प्रश्न विचारायचा तो इंजिन बेल्टचं आहे की चेनचं. सहा सिलिंडरचं एम२० आणि चार सिलिंडरचं एम४० ही दोन्ही टायमिंग बेल्टची. एम२० मध्ये बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हला जाऊन आदळतो आणि हेड (इंजिनचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवावं लागतं. बेल्ट कधी बदलला याचं बिल नसेल तर बदललाच नाही असं धरा आणि टेन्शनर व वॉटर पंपासकट बदला. गाडी उभी राहिली म्हणून बेल्ट वाचत नाही, रबर वयानेही जातं. चार वर्षं झाली की पुरे. एम२० चा व्हॉल्व्ह क्लिअरन्स थंड इंजिनवर ०.२५ मिमी ठेवायचा. टिकटिक येत असेल तर आधी फीलर गेज लावा, मग हेडची चर्चा करा. एम४० मध्ये टिकटिक वेगळ्या कारणाने येते. कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) तेल शिंपडणारी नळी चोंदते आणि कॅम झिजतो. त्यावर अ‍ॅडजस्टमेंटचा इलाज नाही, कॅमच बदलावा लागतो. पत्रा तपासताना जॅक लावायच्या जागा, बॅटरीचा ट्रे, सनरूफची कड आणि काचेखालचा पाणी साचणारा भाग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. निरोगी पत्रा खणखणीत वाजतो, पुटी भरलेला भद्द.

ई३६ (१९९०) मध्ये मागचं सस्पेन्शन पूर्ण बदललं. कंपनीच्या झेड१ या छोट्या रोडस्टरवर वापरून पाहिलेली मल्टिलिंक रचना सेडानला आली आणि सटकण्याचा जुना स्वभाव बऱ्याच अंशी गेला. बदल्यात मागच्या ट्रेलिंग आर्मचे बुश आले. ते मेले की सरळ रस्त्यावरही अ‍ॅक्सिलरेटर सोडता-धरताना गाडीचा मागचा भाग स्वतःच दिशा ठरवू लागतो. लोक अलाइनमेंट करत बसतात. बुश फाटलेला असताना ती टिकत नाही. डिकीतून ठकठक येत असेल तर मागच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे वरचे माउंट बघा.

कूलिंगमधलं प्लास्टिक ही बीएमडब्ल्यूची खोड याच पिढीत जाणवू लागली. वॉटर पंपाचा पंखा प्लास्टिकचा, थर्मोस्टॅटचं घर प्लास्टिकचं, रेडिएटरचा गळाही प्लास्टिकचा. वर्षानुवर्षं तापून-निवून ते ठिसूळ होतं आणि एक दिवस होजच्या क्लिपपाशी तुटतं. तोवर गळतीचा थेंबही दिसत नाही, म्हणून 'गळत नाही' हे उत्तर पुरेसं मानू नका. पार्ट किती जुना आहे ते विचारा.

ई४६ (चौथी, १९९८ ते २००६) ही सहा सिलिंडरच्या चाहत्यांची लाडकी पिढी, आणि ते लाड रास्त आहेत. एम५४ इंजिन नीट जपलं तर लाखो किलोमीटर चालतं. पण या गाडीचा खरा निकाल खालून लागतो. मागचं सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन आणि डिफरन्शियल धरणारा सांगाडा) चार ठिकाणी तळाच्या पत्र्याला बोल्टने धरलेलं असतं. डिफरन्शियलचा प्रत्येक झटका त्या चार जागांवर येतो आणि पातळ पत्रा थकून चिरतो. गाडी लिफ्टवर घ्या, चारही जागांची माती ब्रशने साफ करा, टॉर्च आडवी धरा. स्पॉट वेल्डच्या भोवती केसासारखी रेघ किंवा रंगाची खपली दिसली की चीर सुरू झाली आहे असं समजा. नुसती वरून वेल्डिंगची शिवण मारून काम होत नाही, ती शेजारून पुन्हा फाटते. सबफ्रेम उतरवून, चीर थांबवून, वरून मजबुतीची पट्टी वेल्ड करावी लागते. त्या भागावर नवं कोरं अंडरकोटिंग दिसलं तर ते खरवडू द्या म्हणावं. मालक नाही म्हणाला तर तेच उत्तर.

ई४६ च्या तापमानाच्या काट्यावर विसंबू नका. कूलंट साधारण ७५ अंशांपासून ११० च्या पुढे जाईपर्यंत काटा मध्येच स्थिर दिसावा अशी त्याची रचना आहे. काटा हलला तेव्हा हेड वाकायची वेळ आलेली असते. खरं तापमान मीटरच्या छुप्या मेनूत सातव्या टेस्टमध्ये किंवा स्कॅनरवर दिसतं. एक्स्पान्शन टँक, पंप, थर्मोस्टॅट, होज आणि रेडिएटर एक लाख किलोमीटरच्या आसपास एकदमच बदलावेत. एकेक पार्ट बदलत गेलात तर दर वेळी पुढचा कमजोर पार्ट फुटतो, कूलंट दर वेळी सांडतो आणि मजुरी दर वेळी लागते.

डिझेल ई४६ घेत असाल तर इनटेक मॅनिफोल्डमधल्या स्वर्ल फ्लॅप विसरू नका. त्या छोट्या झडपांचा दांडा किंवा स्क्रू सुटला की तुकडा थेट सिलिंडरमध्ये जातो. मॅनिफोल्ड उतरवून झडपा काढायच्या आणि जागी बंद प्लेटा बसवायच्या, एवढाच उपाय. चार सिलिंडर पेट्रोलची एन४२ आणि एन४६ इंजिनं चेनचे गाइड आणि व्हॉल्व्ह स्टेम सील यांसाठी बदनाम आहेत. गाडी पाच मिनिटं आयडलिंगला ठेवून मग रेस दिल्यावर निळा धूर आला तर सील गेले.

महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर जी थ्री सिरीज खरोखर भेटते ती मुख्यतः ई९० (पाचवी पिढी) पासूनची. कारण सरळ आहे. मार्च २००७ मध्ये चेन्नईजवळ कंपनीचा कारखाना सुरू झाला आणि तिथे जुळणी झालेल्या गाड्यांत ही होती.

ई९० पेट्रोलमध्ये एन५२ (३२५आय आणि ३३०आय) हे इंजिन आमच्या मते या साऱ्या वंशातलं सगळ्यात समजूतदार. टर्बो नाही, सहा सिलिंडर, मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक. ब्लॉकमध्ये जाणारे बोल्ट अ‍ॅल्युमिनियमचे असतात आणि एकदाच वापरायचे असतात. जुना बोल्ट पुन्हा आवळला की डोकं तुटतं, आणि स्टीलचा घातला की मॅग्नेशियम कुरतडलं जातं. या इंजिनला तेल बघायची डिपस्टिक नाही, पातळी स्क्रीनवर बघावी लागते. तेल ६.५ लिटर लागतं.

वॉटर पंप विजेवर चालतो आणि सूचना न देता मरतो. एक लाख किलोमीटर झाले असतील आणि बदलल्याचं बिल नसेल तर त्याची किंमत सौद्यातून वजा करा. बदलताना शेजारचा थर्मोस्टॅटही बदला, हात तिथे गेलेलाच असतो. हवा काढायची पद्धत जुन्या गाड्यांपेक्षा निराळी आहे आणि इथेच बरीच गॅरेजं चुकतात. निळा कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं करून टाकी भरा. बॅटरीला चार्जर लावा. इग्निशन चालू करा, पण इंजिन सुरू करू नका. हीटर सगळ्यात गरमवर आणि पंखा सगळ्यात हळूवर ठेवा. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून १० सेकंद धरा. पंप आपणहून सुरू होतो आणि सुमारे १२ मिनिटं गुणगुणत राहतो. तो थांबल्यावर पातळी बघून भर घाला. ही पायरी वगळून गाडी दिली तर हेडमध्ये हवेचा बुडबुडा राहतो आणि नवा पंप टाकूनही गाडी घाटात तापते. मग दोष पंपावर येतो.

दुसरं बघायचं ते ऑइल फिल्टर हाउसिंगचं पॅकिंग. रबराची ही छोटी वस्तू कडक होऊन गळायला लागते आणि तेल खालच्या बेल्टवर ठिबकतं. तेलकट बेल्ट पुलीवरून उतरतो, आणि वाईट वेळ असेल तर त्याच्या चिंध्या क्रँकच्या पुढच्या सीलमधून इंजिनात ओढल्या जातात. त्या जागी ओल दिसली की टाळाटाळ नको.

ई९० ची ३२०डी हा वेगळा विषय, आणि थोडा जपून बोलायचा. सुरुवातीच्या १६३ अश्वशक्तीच्या गाडीत एम४७ आहे. त्यानंतरच्या १७७ आणि १८४ अश्वशक्तीच्या गाड्यांत एन४७. एन४७ मध्ये टायमिंग चेन इंजिनच्या मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला गेली. पादचाऱ्याला धडक बसल्यास इजा कमी व्हावी म्हणून बोनेटखाली पुढे मोकळी जागा हवी होती, हे त्यामागचं एक कारण. हेतू चांगला, पण चेन बदलायची तर गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन उतरवावं लागतं. २००७ ते २०११ दरम्यानच्या इंजिनांत चेन आणि गाइड लवकर झिजल्याच्या तक्रारी जगभर आहेत. क्रँकवरचे दातही झिजले असतील तर खर्च कुठल्या कुठे जातो.

तो आवाज ओळखायला शिका. गाडी रात्रभर उभी असलेली हवी. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. बोनेट उघडा, कान समोरच्या काचेच्या बाजूला, इंजिनच्या मागच्या टोकाजवळ न्या आणि दुसऱ्याला स्टार्ट करायला सांगा. इंजेक्टरची टकटक वरून येते आणि एकसारखी असते. चेनचा आवाज मागून, खोलातून येतो. डब्यात साखळी ओढल्यासारखा खरखरतो. हळूच १५०० ते २००० आरपीएमपर्यंत न्या आणि सोडा, उतरताना तो जास्त उघडा पडतो. ऐकू आला तर चेनचा खर्च पूर्ण वजा करून भाव बोला, नाहीतर नमस्कार करून निघा. 'डिझेल आहे, एवढा आवाज असतोच' हे वाक्य हमखास ऐकायला मिळेल.

३३५आय मधलं एन५४ हे दोन टर्बोचं इंजिन जोरदार आहे. पण हाय-प्रेशर फ्युएल पंप, इंजेक्टर आणि खडखडणारे वेस्टगेट (टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपा) ही त्याची ठरलेली यादी. हौस आणि खिसा दोन्ही असेल तरच.

एफ३० (२०१२ पासून) सगळीकडून मोठी. ई३० चा व्हीलबेस २५७० मिमी होता, हिचा २८१० मिमी. स्टीअरिंग इलेक्ट्रिक झालं. जुन्या गाडीची सवय असलेल्यांना त्यात रस्ता हाताला कमी जाणवतो, आणि ती तक्रार खोटी नाही. आठ गिअरचा झेडएफ ऑटोमॅटिक मात्र या पिढीचं खरं सुख. त्याचं तेल 'आयुष्यभराचं' आहे असं सांगितलं जातं. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र ते ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरदरम्यान बदलायला सांगते. फिल्टर प्लास्टिकच्या चेंबरमध्येच (तळाच्या तेलाच्या भांड्यातच) असतो, म्हणजे चेंबरच बदलायचा. पातळी तेल ४० अंशांच्या आसपास असताना आणि इंजिन चालू ठेवून बघायची. थंड तेलावर बघितली तर चुकतेच.

एफ३० पेट्रोलमधलं एन२० इंजिन २०१५ च्या आधीचं असेल तर चेनचे प्लास्टिक गाइड तपासा. ठिसूळ होऊन त्यांचे तुकडे चेंबरमध्ये पडतात आणि तेलाच्या पंपाची जाळी चोंदते. अ‍ॅक्सिलरेटरबरोबर चढणारी बारीक शिटी ही आगाऊ सूचना. ऑइल चेंबर उतरवला असेल तर जाळीत तपकिरी प्लास्टिकचे कण आहेत का ते बघा. डिझेलमध्ये फेसलिफ्टनंतरचं १९० अश्वशक्तीचं बी४७ शोधा. दोन सारख्या गाड्यांत निवड करायची असेल तर या एका कारणासाठी वर्षभर नवी गाडी घेणं परवडतं. डिझेलच्या ईजीआर कूलरसाठी (इंजिनात परत फिरवलेला धूर थंड करणारा भाग) कंपनीने २०१८ मध्ये मोठा रिकॉल केला होता. कूलंट गळून काजळीला आग लागण्याचा धोका होता. चेसिस नंबर देऊन ते काम झालंय का हे सर्व्हिस सेंटरला विचारता येतं.

जी२० (ऑक्टोबर २०१८ मध्ये पॅरिसला सादर, भारतात २०१९) आणि तिची लांब व्हीलबेसची बहीण, २९६१ मिमीची ग्रॅन लिमोझिन. ड्रायव्हर ठेवून मागे बसायचं असेल तर लांब गाडी, स्वतः चालवायची असेल तर आखूड, आणि यावर फार वाद घालण्यासारखं काही नाही. इंजिनं बी४७, बी४८, बी५८. तपासणी मुख्यतः सर्व्हिसच्या नोंदींची आणि टायरांची.

गाडी बघायच्या दिवशी स्कॅनर हवाच, आणि तो सगळे मॉड्यूल (गाडीतले छोटे कंप्युटर) वाचणारा हवा. किलोमीटर फक्त मीटरमध्ये नसतात. ई४६ मध्ये लाइट मॉड्यूल आणि ई९० मध्ये चावीचं मॉड्यूलही ते साठवतं. मीटर बदललं किंवा मागे फिरवलं आणि आकडे जुळले नाहीत तर ओडोमीटरजवळ एक बारीक ठिपका पेटतो. बटनाएवढाही नसतो, पण तो दिसला की बाकी गप्पांना अर्थ उरत नाही.

पावसाळ्यात पाण्यात बुडालेली गाडी ओळखायला कार्पेट उचलून खालचा फोम दाबा आणि डिकीत उजवीकडे बॅटरीच्या खड्ड्यात गाळ आहे का बघा. सनरूफ उघडून कोपऱ्यातल्या भोकात कपभर पाणी ओता. ते गाडीखाली पडायला हवं. पायाशी आलं तर नळ्या चोंदल्या आहेत. रन-फ्लॅट (हवा गेली तरी थोडं अंतर चालणाऱ्या) टायरची आतली बाजू हात फिरवून तपासा. आपल्या खड्ड्यांनी फुगवटा आधी तिथे येतो, आणि बऱ्याच गाड्यांत स्टेपनी नसतेच.

दिल्लीहून आलेली स्वस्त डिझेल असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथे पुन्हा भरायचा रोड टॅक्स धरून हिशेब मांडा. स्वस्ताई बरीच आटते.

गाडी घरी आली की इंजिन ऑइल बदला. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेलला बीएमडब्ल्यूच्या एलएल-०४ मानकाचंच तेल घाला, नाहीतर राखेने फिल्टर भरतो. चाकाचे बोल्ट टॉर्क पान्ह्याने आवळा: ई९० ला १२० न्यूटन-मीटर, एफ३० ला १४०. ई९० ची बॅटरी बदलली तर नवीची नोंद स्कॅनरने गाडीत करावी लागते. नाहीतर चार्जिंग जुन्या, थकलेल्या बॅटरीच्या हिशेबानेच चालू राहतं आणि नवी अकाली जाते. बॅटरी काढताना इग्निशन बंद करून, गाडी लॉक करून पंधरा-वीस मिनिटं थांबा. मॉड्यूल झोपण्याआधी वायर ओढली तर पायाजवळचं लाइट आणि खिडक्यांचं मॉड्यूल बिघडतं, आणि मग काचा खाली अडकलेल्या गाडीला ताडपत्री घालून ठेवावी लागते.